पद्मिनी चालवताना

टॅक्सीच्या मागच्या सीटवर बसून ज्यांनी प्रीमियर पद्मिनीबद्दल मत बनवलं, त्यांना ती गाडी कळलीच नाही. दोन-दोन पाळ्यांत वर्षानुवर्षं पळून स्प्रिंगा बसलेली टॅक्सी वेगळी आणि घरातली नीट राखलेली पद्मिनी वेगळी.

मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४पासून तिचं 'डिलाइट' मॉडेल बाहेर पडू लागलं. पद्मिनी हे नाव १९७०च्या दशकातलं. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. तिच्या तुलनेत ॲम्बॅसडर ऐसपैस, खड्डे पचवणारी, पण अंगाने जड. पद्मिनी हलकी आणि वळणावर रस्ता धरून चालणारी. चालवायला मला पद्मिनीच उजवी वाटते.

गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, डाव्या हाताशी. जुन्या गाडीत लिंकेज झिजलं की गिअर मधेच अडकायचा. मग बॉनेट उघडून हाताने सोडवायचा. पुढची सीट सलग बाकासारखी, त्यामुळे वळणावर माणूस घसरायचा. स्टिअरिंगलाच लोंबकळायचं नसेल, तर वळणाआधीच वेग उतरवावा लागे.

या गाडीची खरी परीक्षा बोरघाटात. चढणीवर तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवावं लागे. पेट्रोलची पाइप तापून वाफ धरली की गाडी आचके देत बंद पडायची. त्यावर उपाय एकच: पंपावर ओला फडका टाकायचा आणि थांबायचं. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नव्हता. चालत्या गाडीत तो गिअर टाकायचा तर डबल क्लच मारून, म्हणजे क्लच दोनदा दाबून, इंजिनाचा आवाज जुळवावा लागे, नाहीतर दाते करकरत. उतारावर धोका जास्त. चारही चाकांना ड्रम ब्रेक. सतत दाबत राहिलं की ड्रम तापून फुगत, पेडल खाली जाई आणि गाडी थांबेनाशी होई. म्हणून जुने ड्रायव्हर बजावायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्यांचा माझ्या वडिलांना मनस्वी राग यायचा, आणि तो रास्तच होता. मी या गाडीवर घाट शिकलो तो कानाने. कुठला गिअर हवा ते इंजिनच सांगायचं.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. पुढच्या चाकांना ताकद देणारी, हलक्या स्टिअरिंगची ती गाडी कुणालाही दोन दिवसांत जमायची; पद्मिनीचं हे कसब तिला लागत नसे.

मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ऑक्टोबर २०२३मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. हौशी मंडळी काही गाड्या जपतीलच. पण त्या चालवण्याची रीत आज सत्तरी-ऐंशीतल्या माणसांच्या हातापायांत आहे आणि ती फारशी कुणी लिहून ठेवलेली नाही. तुमच्या घरात, ओळखीत असा ड्रायव्हर किंवा मेकॅनिक असेल, तर या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि उतरवून घ्या.