गाडी गॅरेजला लावली, किल्ली दिली. आता मेकॅनिकवर विश्वास ठेवायचा तरी कशाच्या जोरावर?

शुक्रवारची संध्याकाळ. रविवारी पहाटे घरच्यांना घेऊन नाशिकहून मुंबईला निघायचंय, म्हणून गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. ऑईल आणि फिल्टर बदलायचा, एवढंच काम. तासाभराने गॅरेजमधून फोन येतो.

"साहेब, गाडीला काम निघालंय. पुढचे ब्रेक पॅड संपलेत, डिस्क पण घासलीय, खालचे बुश गेलेत. नऊ हजारापर्यंत जाईल. करून टाकू का?"

आता काय बोलणार? 'नको' म्हणावं तर डोळ्यांसमोर कसारा घाटाचा उतार येतो. 'करा' म्हणावं तर मनात पाल चुकचुकते, की खरंच गेलेत का पॅड, की आपल्याला काही कळत नाही हे त्याने ओळखलंय?

बहुतेक जण 'करा' म्हणतात. गाडी घेऊन येतात, ब्रेक नीट लागतात. पण ते कालही नीट लागत होतेच की! म्हणजे पैसे देऊन झाले, काम होऊन गेलं, तरी त्या कामाची गरज होती का, हे शेवटपर्यंत कळत नाही.

हा प्रश्न फक्त गाडीवाल्यांचा नाही

भाजी घेताना ती ताजी आहे की नाही, हे आपण बघून ठरवतो. हॉटेलातली मिसळ खाल्ली की चव कळते. पण काही सेवा अशा असतात की त्या घेऊन झाल्यावरही त्यांची गरज होती का, हे ग्राहकाला सांगता येत नाही. कारण रोग सांगणारा आणि औषध विकणारा माणूस एकच असतो.

मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सेवांवर एक निबंध लिहिला. मोटार दुरुस्ती हे त्यातलं ठळक उदाहरण होतं. बाजारात कितीही स्पर्धा असली तरी अशा धंद्यात थोडी फसवणूक टिकून राहते, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. कारण सोपं आहे. पकडलं जाण्याची भीतीच कमी असते.

त्याच्याही आधी, १९४१ साली, अमेरिकेतल्या 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाने याची थेट परीक्षाच घेतली होती. चांगल्या गाडीच्या इग्निशन कॉइलची एक वायर मुद्दाम काढायची आणि गाडी गॅरेजला न्यायची. वायर परत लावली की काम संपलं. देशभरातल्या ३४७ गॅरेजमध्ये हा प्रयोग झाला. त्यातल्या २१८ ठिकाणी, म्हणजे सुमारे ६३ टक्के गॅरेजमध्ये, जास्त पैसे घेतले गेले, नको ते पार्ट घातले गेले किंवा न केलेल्या कामाचं बिल लावलं गेलं.

पण त्याच प्रयोगात १२९ गॅरेजवाल्यांनी वायर बघितली आणि जागेवर लावून दिली. असे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. अडचण एवढीच की बाहेरून बघून दोघांतला फरक कळत नाही.

मग मेकॅनिक फसवतोच का?

सरसकट नाही. आणि इथे नाशिकची गोष्ट समजून घ्यायला हवी.

नाशिक हे गाड्यांचं गाव आहे. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्यातून २००२ मध्ये स्कॉर्पिओ बाहेर पडली. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर बनवणारी बॉश इथेच आहे. जुन्या नाशिककरांसाठी ती अजूनही 'मायको', आणि चौकाचं नावही मायको सर्कलच. सातपूरच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिक शिकून पोरं बाहेर पडतात. त्याशिवाय शाळा सोडून एखाद्या उस्तादाच्या हाताखाली पाने देता देता शिकलेले आहेतच.

हाताने शिकलेल्या या मेकॅनिकचा कान तयार असतो. आवाजावरून बेअरिंग गेलंय हे तो सांगतो. पण गेल्या काही वर्षांत गाडीच बदलली. आज इंजिन, ब्रेक, एअरबॅग सगळ्यावर कॉम्प्युटरची नजर असते आणि तो कॉम्प्युटर वाचायला कंपनीचं सॉफ्टवेअर, सर्किटचे नकाशे, मॅन्युअल लागतं. ते नाक्यावरच्या गॅरेजपर्यंत पोहोचतंच असं नाही.

याच मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी मोठा आदेश दिला. मारुती, टाटा, होंडा, टोयोटा आणि आपल्या नाशिकशी नातं असलेली महिंद्रा धरून १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड. ओरिजिनल पार्ट, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजला खुलेपणाने मिळत नाही, त्यामुळे ग्राहक अधिकृत सर्व्हिस सेंटरला बांधला जातो, असं आयोगाचं म्हणणं होतं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने सांगितलं. कंपन्या या आदेशाविरोधात वरच्या न्यायालयांत गेल्या. त्यामुळे गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर काम करण्याआधी वॉरंटीचं पुस्तक वाचलेलं बरं.

पुढे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्यासाठी पोर्टलही सुरू केलं. मोबाईल, घरगुती उपकरणं आणि शेतीच्या अवजारांबरोबर वाहनंही त्यात आहेत.

मुद्दा हा की चुकीचा पार्ट बदलला गेला म्हणजे प्रत्येक वेळी हेतू वाईटच असतो असं नाही. कधी कधी मेकॅनिकही अंदाजानेच चाललेला असतो. बिल मात्र आपल्यालाच भरावं लागतं.

'स्कॅनरमध्ये आलंय' म्हणजे नेमकं काय?

हल्ली गॅरेजमध्ये सगळ्यात वजनदार वाक्य हेच. स्टेअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्याला स्कॅनर जोडला की एरर कोड दिसतो. मशीनच सांगतंय म्हटल्यावर ग्राहक गप्प होतो.

पण कोड हा निकाल नसतो, ती फक्त तक्रार असते. उदाहरणार्थ, पी०१७१ हा कोड सांगतो की इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. आता हे फाटलेल्या पाइपमुळे होऊ शकतं, घाण झालेल्या एअरफ्लो सेन्सरमुळे होऊ शकतं, फ्युएल पंप कमजोर झाल्यामुळेही होऊ शकतं. कोड दिसला की लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगणारा मेकॅनिक मधली तपासणी गाळतोय.

म्हणून अशा वेळी एकच प्रश्न विचारायचा. "कोडचा नंबर काय आहे, आणि हाच पार्ट गेलाय हे कसं तपासलं?" जाणकार मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही. तो उलट खुलून सांगतो.

किल्ली दिल्यावर कायदा काय म्हणतो?

गाडी गॅरेजला लावणं हा कायद्याच्या नजरेत वस्तू सोपवण्याचा करार आहे. कागदावर सही केलेली नसली तरीही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात याची कलमं आहेत आणि ती आजही लागू आहेत.

कलम १५१ सांगतं की सोपवलेल्या वस्तूची काळजी गॅरेजवाल्याने स्वतःच्या वस्तूसारखी, शहाण्या माणसाने घ्यावी तशी घ्यायची.

कलम १५४ तर अनेकांना माहीतच नसतं. ठरलेल्या कामाबाहेर गाडी वापरली आणि त्या वेळात तिचं नुकसान झालं, तर भरपाई गॅरेजवाल्याने द्यायची. ट्रायल मारणं वेगळं आणि तुमची गाडी घेऊन रात्री गंगापूर धरणावर चक्कर टाकून येणं वेगळं.

कलम १७० मेकॅनिकच्या बाजूचं आहे. ठरल्याप्रमाणे काम पूर्ण केलं असेल, तर त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत तो गाडी अडवून ठेवू शकतो. त्यामुळे बिलावरून वाद झाला तर गाडी पळवून आणणं हा उपाय नाही. वाद असल्याचं लिहून पैसे भरायचे आणि मग तक्रार करायची, हा सुरक्षित रस्ता.

आणि भिंतीवरची ती पाटी, 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर'? दिल्लीतल्या एका हॉटेलच्या पार्किंगमधून पाहुण्याची कार चोरीला गेली होती. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. पार्किंगच्या चिठ्ठीवर अशी ओळ छापली म्हणून स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही, असं कोर्टाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं. निकाल हॉटेलपुरता होता, पण त्याचा आधार वस्तू सोपवण्याचा हाच नियम होता.

ट्रायलवर अपघात झाला तर?

हा प्रश्न गोव्यातल्या एका प्रकरणातून १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर आला. दुरुस्तीला दिलेली गाडी मेकॅनिकच्या हातात असताना अपघात झाला आणि एक महिला जखमी झाली. विमा कंपनी म्हणाली, गाडी मालकाकडे नव्हतीच, आम्ही का पैसे द्यायचे? कोर्टाने ते मान्य केलं नाही. मालक दुरुस्तीसाठी गाडी देतो, तेव्हा त्या कामापुरता गाडी वापरायला तो मेकॅनिकला परवानगीच देत असतो. त्यामुळे जखमी व्यक्तीची भरपाई मालकाच्या विमा कंपनीने द्यायची, असा निकाल लागला.

आता याची दुसरी बाजू बघा. विमा संपलेला असेल तर? मग तुम्ही घरी चहा पीत असताना झालेल्या अपघाताचं बिल तुमच्या दारात येऊ शकतं. म्हणून गाडी 'गॅरेजमध्येच तर उभी आहे' म्हणून विम्याची तारीख पुढे ढकलू नका.

मग करायचं काय?

ओळखीचा मेकॅनिक असणं चांगलंच. पण 'ओळखीचा आहे' म्हणून कागद न करणं, इथेच बहुतेक वाद सुरू होतात. या गोष्टी पाळायला पाच मिनिटं लागतात.

१. देताना फोटो काढा. गाडीच्या चारही बाजू, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा. मूळ कागदपत्रं आणि किमती वस्तू काढून घ्या.

२. जॉब कार्ड मागा. छोट्या गॅरेजमध्ये ते नसतं. मग व्हॉट्सॲपवर मेसेज करा. "ऑईल आणि फिल्टर बदलायचाय. याशिवाय काही काम निघालं तर फोन करा, विचारल्याशिवाय करू नका." समोरून 'ओके' आलं की झाला कागद.

३. काम निघालं की व्हिडिओ मागा. ब्रेक पॅडचंच घ्या. नवा पॅड साधारण १० ते १२ मिलीमीटर जाड असतो आणि ३ मिलीमीटरच्या आसपास आला की बदलायला लागतो. चाक काढलेलं असताना पट्टी लावून फोटो काढता येतो. ब्रेक, टायर, स्टेअरिंगचं काम खरं निघालं तर टाळू नका. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, कोटिंग अशा कामांना मात्र 'नंतर बघू' म्हणायला हरकत नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ते काम आणि त्याचे किलोमीटर दिलेत का, हे आधी बघा.

४. जुना पार्ट परत घ्या. हे आधीच सांगून ठेवा. "जुने पार्ट डिकीत टाका." या एका वाक्यामुळे न बदललेल्या पार्टचं बिल लागण्याची शक्यता खूप कमी होते. नव्या पार्टचा डबाही बघा. एमआरपी आणि पार्ट नंबर त्यावर असतो.

५. बिल घ्या, पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून. इथे आपलीही चूक असते. "बिल नको, थोडे कमी करा" असं आपणच म्हणतो आणि तिथेच हातातला पुरावा सोडतो. लहान गॅरेजची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण मग तो जीएसटी लावूही शकत नाही. साधं सही-शिक्क्याचं बिल मात्र देऊ शकतो.

तरीही फसवणूक झाली तर?

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं ही सेवेतली त्रुटी आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे गाडी पुण्यात दुरुस्त केली असली तरी नाशिकच्या आयोगात जाता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन टाकता येते.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सेवेत त्रुटी होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रारदाराची असते, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. आयोगापुढे 'मला तेव्हाच संशय आला होता' हे चालत नाही. तिथे मेसेज, फोटो, जुना पार्ट आणि बिल चालतं.

हे सगळं मेकॅनिकच्या विरोधात आहे का? नाही. नीट काम करणाऱ्याचाही यात फायदाच आहे. "गाडी देताना हा ओरखडा नव्हता" असं म्हणणारा ग्राहक त्यालाही भेटतोच, आणि तेव्हा तुम्ही काढलेला फोटो त्याच्याही कामाला येतो.

त्यामुळे पुढच्या वेळी "साहेब, काम निघालंय" असा फोन आला, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. "चाक काढलेलंच ठेवा, फोटो पाठवा," एवढंच म्हणा. समोरून फोटो किती वेळात येतो, यावरूनच तुम्हाला बरंच काही कळेल.