छर्र्याविना सराव

मंचरहून घोडेगावकडे जाताना रस्त्यालगत माझ्या भावाचं घर आहे. तिन्ही बाजूंनी ऊस. दिवस मावळला की दारं लावायची आणि लेकरांना अंगणात सोडायचं नाही, हा जुन्नर-आंबेगावातल्या वाड्यावस्त्यांचा आता शिरस्ताच झाला आहे. बिबट्या कोणत्या बांधावरून येईल, सांगता येत नाही. दारं लागली की पुतणीचा सराव सुरू होतो.

ती १० मीटर एअर पिस्तूल खेळते. बालेवाडीच्या रेंजवर जायचं तर वाटेत चाकणची कोंडी, म्हणजे अख्खा दिवस गेला. म्हणून एरवी घरी ‘ड्राय प्रॅक्टिस’. पिस्तूल तेच, उभं राहणं तेच, फक्त नळीत छर्रा नाही.

नीट दिसावं म्हणून मी भिंतीकडे खुर्ची ओढली.

“काका, तिकडे नको. माझ्या मागे बसा.”

“रिकामंच आहे ना?”

“आहे. तरी मागेच बसा.”

आधी छर्र्यांची डबी आईकडे गेली, आतल्या खोलीत. पेटी उघडली तेव्हा नळीचं तोंड बाहेरच्या दगडी भिंतीकडे होतं. त्या भिंतीला खिडकी नाही, दार नाही. नळीत ओवलेली रंगीत सुरक्षा-दोरी काढली, छर्रा भरायची जागा उघडून उजेडात पाहिली, बंद केली, पुन्हा उघडून पाहिली. एवढं झाल्यावर कुठे पिस्तुलाचा ड्राय-फायरचा खटका फिरवला. आता ट्रिगर दाबला तर नुसता ‘टक्’ होणार, हवा सुटणार नाही. सगळ्याच पिस्तुलांना अशी सोय नसते. स्प्रिंगवरचं एअर पिस्तूल रिकामं उडवलं तर आतला दट्ट्या थेट आदळतो आणि हत्यार खराब होतं.

भिंतीवर कोरा पांढरा कागद. काळं वर्तुळ नाही, काहीच नाही. मला ते विचित्र वाटलं, पण त्यातच खरी मेख आहे. वर्तुळ दिसलं की डोळा तिकडे धावतो आणि पिस्तुलाची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, धूसर होते. कोऱ्या कागदावर पाहण्यासारखं दुसरं काही उरतच नाही. मागच्या खाचेत माशी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड सपाट. डावा हात खिशात, उजवा सरळ. पिस्तूल थोडं वर नेऊन सावकाश खाली आणायचं, श्वास अर्धा सोडून थांबायचं. माशी हलतेच; ती हलायची थांबावी म्हणून वाट पाहणारा हमखास ट्रिगर हिसकतो. बोटाचं पेर सरळ मागे जात राहिलं पाहिजे. टक्. त्यानंतरही हात लगेच खाली नाही. माशी कुठे गेली ते पाहत तशीच उभी.

एकदा माशी डावीकडे बुडाली. मला काही कळलं नाही, ती मात्र “बोट” एवढंच पुटपुटली. रेंजवर नजर छर्रा कुठे लागला याकडे जाते. इथे भोकच नाही, त्यामुळे चूक होताना दिसते. एकदा हात वर राहून फार वेळ गेला, तर ट्रिगर न दाबताच तिने तो खाली घेतला. माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला नेम तोच.

मग अर्ध्या आकाराचं लक्ष्य लागलं. खऱ्या लक्ष्याचा काळा भाग ५९.५ मिलिमीटर आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५. तिच्या खोलीत अंतर ५ मीटरच मिळतं, म्हणून मापही निम्मं. ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा भार लागतो, आणि स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० वेळा हेच करायचं असतं. २०१८ पासून मुलींनाही साठच.

पण असा सराव प्रत्येक पिस्तुलाला चालत नाही. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली जकार्ता-पालेम्बांगच्या एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं ते २५ मीटर पिस्तुलात. तिथे .२२ चं काडतूस असतं. त्यात पिन कडेवर आपटते. काडतूसच नसेल तर ती नळीच्या काठावर बसून तो चेपण्याची भीती असते. म्हणून उत्पादकाने चालेल म्हटलं नसेल, तर अशा पिस्तुलात डमी घातल्याशिवाय ड्राय फायर नाही.

शेजारच्या माजी सैनिकाकडे परवान्याचं .३२ पिस्तूल आहे. निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा होतं, एरवी घरी असतं, आणि तेही असाच रिकामा सराव करतात. त्यांचं म्हणणं, खरा धोका सरावात नाही, सराव संपल्यावर आहे. मॅगझिन भरून ठेवताना “आणखी एकदा” म्हणून हात उठतो आणि बोट सवयीने दाबतं. म्हणून ते शेवटी मोठ्याने “सराव संपला” म्हणतात, भिंतीवरचा कागद काढून घडी घालतात आणि त्या दिवशी पिस्तुलाला पुन्हा हात लावत नाहीत. बायको हसते म्हणे. हसू दे.

बिबट्याच्या धास्तीने पिस्तूल मागणारेही आमच्याकडे भेटतात. अंधारात, दचकलेल्या हाताने झाडलेली गोळी शेजारच्या गोठ्यात जाण्याचीच शक्यता जास्त. शिवाय बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे.

पुतणीची अडचण वेगळीच आहे. ड्राय प्रॅक्टिसने हात घडतो, पण तो किती घडला हे छर्राच सांगतो. १० मीटरच्या रेंजला मैदान लागत नाही. एक लांब हॉल, भक्कम मागची भिंत, चांगला उजेड आणि जाणता प्रशिक्षक पुरतो. तालुक्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने सुट्टीच्या दिवशी रिकामा राहणारा हॉल एवढ्यासाठी द्यावा.