बेसमेंटमधला रेडॉन: ताईच्या रिपोर्टमधला ७.२ म्हणजे काय?

आजचा भाग सुचला तो एका व्हॉट्सॲप मेसेजवरून. माझी ताई अमेरिकेत, न्यू जर्सीत घर घेतेय. घराच्या तपासणीचा रिपोर्ट आला, तर त्यातल्या एका ओळीभोवती लाल गोल करून तिने मला फोटो पाठवला: ‘रेडॉन ७.२’. खाली लिहिलं होतं, ‘अरे, हे काय असतं? आई-बाबांना बेसमेंटमधलीच खोली देणार होते मी.’

मग मी वाचत बसलो. जे कळलं ते सांगतो.

रेडॉन हा किरणोत्सारी वायू. रंग नाही, वास नाही, चव नाही. माती आणि खडकांत थोडंफार युरेनियम सगळीकडे असतं. त्याचं विघटन होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. मोकळ्या हवेत तो विरून जातो. पण थंडीत दारंखिडक्या बंद, हीटर चालू. गरम हवा वरून निसटते आणि घर खालच्या मातीतली हवा आत ओढतं. फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून रेडॉन शिरतो. बेसमेंट तर जमिनीतच, म्हणून तिथे सहसा सगळ्यात जास्त.

रेडॉनपासून पुढे पोलोनियम बनतं. ते श्वासातून फुफ्फुसात जाऊन चिकटतं आणि त्यातून निघणारे अल्फा कण पेशींच्या डीएनएला इजा करतात. खोकला नाही, डोकेदुखी नाही, काहीच कळत नाही. कॅन्सर होतो तो कित्येक वर्षांनी.

मग हे लोकांच्या लक्षात कसं आलं? डिसेंबर १९८४. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅनली वॉट्रस हे इंजिनिअर काम करायचे. किरणोत्सार तपासणाऱ्या यंत्रातून जाताना त्यांच्यामुळे अलार्म वाजायचा. गंमत बघा, केंद्रातून वीज मिळायला अजून सुरुवातही झाली नव्हती! शोध घेता घेता तपास त्यांच्या घरापर्यंत पोचला. तिथल्या हवेत रेडॉन निघाला लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए म्हणते, ४ किंवा त्याहून जास्त असेल तर दुरुस्ती करा. म्हणजे हे त्याच्या पावणेसातशे पट! घर दुरुस्त झालं आणि ते कुटुंब पुन्हा तिथेच राहायला गेलं.

त्यानंतर अमेरिकेत घरोघरी तपासणीची मोहीम सुरू झाली. ईपीएच्या अंदाजानुसार तिथे रेडॉनमुळे दरवर्षी फुफ्फुसाच्या कॅन्सरने सुमारे २१,००० लोक दगावतात. धूम्रपानानंतरचं हे दुसरं मोठं कारण. आणि दोन्ही एकत्र आले की धोका फार वाढतो. ४ या पातळीच्या घरात आयुष्य काढलेल्या १,००० जणांपैकी, कधीच सिगारेट न ओढलेल्या साधारण ७ जणांना हा कॅन्सर होऊ शकतो. ओढणाऱ्यांत हाच आकडा ६२.

इथे मी थांबलो. कारण बाबांनी तीस वर्षं सिगारेट ओढलीय.

ताईला फोन केला. म्हटलं, ‘घाबरू नकोस, घर सोडायची गरज नाही. पण दुरुस्तीआधी त्यांना तिथे झोपवू नकोस.’ उपाय साधा आहे. फरशीला भोक पाडून खालच्या मातीपर्यंत पाइप घालतात, तो छताच्या वर नेतात आणि पंखा लावतात. पंखा कायम चालू राहतो आणि घराखालची हवा थेट बाहेर फेकतो. नंतर पुन्हा तपासायचं, आकडा खाली आला का.

तुमचं कोणी तिकडे असेल तर एवढंच सांगा: टेस्ट किट हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. तपासणीच्या १२ तास आधीपासून दारंखिडक्या बंद ठेवायच्या आणि राहत्या घराच्या सगळ्यात खालच्या मजल्यावर किट ठेवायचं. ‘शेजाऱ्यांकडे कमी निघाला’ यावर जाऊ नका. शेजारशेजारच्या दोन घरांतही खूप फरक असू शकतो. आपल्याकडच्या वरच्या मजल्यांवरच्या, हवा खेळत्या फ्लॅटमध्ये जमिनीतला रेडॉन सहसा कमीच पोचतो. पण सिगारेट सोडायचा सल्ला मात्र सगळ्याच मजल्यांना लागू!

ताईने पंख्याचं काम ठरवलंय. नवा आकडा आला की सांगेनच. तोवर हा भाग तुमच्या तिकडच्या ताई-दादाला फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात!