बियाणे आपले, नोंदही आपली

सोयाबीनची सोंगणी झाली की वाशीम जिल्ह्यातील जाणता शेतकरी पुढील हंगामाचे बियाणे निराळे काढून ठेवतो. हे पीक स्वपरागित असल्यामुळे घरचे बियाणे पेरता येते. परंतु या बियाण्यावर हक्क कोणाचा, असे उद्या कोणी विचारले तर आपणांस उत्तर ठाऊक असावयास हवे.

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 च्या सुमारास आपल्या धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेचल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत पेरल्या. त्यांतून बारीक दाण्याचा ‘एचएमटी’ वाण निघाला. वाण दूरवर पसरला. पण शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करणारा कायदा त्या काळी नव्हता. दादाजींना सन्मान लाभले, मात्र बियाण्याच्या विक्रीतील वाटा कायद्याने मागण्याची सोय नव्हती. 3 जून 2018 रोजी ते निवर्तले.

आता ‘पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001’ अस्तित्वात आहे. त्याअन्वये संरक्षित वाणाचेही बियाणे शेतकऱ्यास राखून ठेवता येते, पुन्हा पेरता येते, शेजाऱ्यास देता येते व विकताही येते. बंधन एवढेच की, त्या वाणाचे नाव छापलेल्या पिशवीत भरून ते विकता येत नाही. संरक्षित वाणाने सांगितल्याप्रमाणे उत्पन्न दिले नाही, तर प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. शेतकऱ्याने स्वतः जोपासलेल्या वाणाची नोंदही करता येते व तीस शुल्क पडत नाही. शेतपिकाच्या वाणास हे संरक्षण 15 वर्षांपर्यंत मिळू शकते.

नोंदणीसाठी वाण इतरांहून वेगळा, एकसारखा व पिढ्यान् पिढ्या स्थिर असावा लागतो. म्हणून शेतात निराळे झाड आढळल्यास ते खुणेची चिंधी बांधून राखावे. त्याचे बी स्वतंत्र साठवावे. पेरणीची तारीख, फुलोरा, झाडाची उंची, दाण्याचा रंग व उत्पन्न दरवर्षी वहीत लिहावे. विकत आणलेल्या बियाण्याची पावती, पिशवी व मूठभर नमुना जपून ठेवावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी वही ठेवण्यास शेतकऱ्यांना साहाय्य करावे आणि वाण आशादायक दिसल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवावे. दादाजींजवळ पारखी नजर होती, कायद्याचा आधार नव्हता. आपणांजवळ आज दोन्ही आहेत. उणीव आहे ती नोंदीची.