करवत मासा: पाकटाचा संकटग्रस्त आप्त

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी बंगालच्या उपसागराला जिथे मिळते, तशी गढूळ नदीमुखे आणि उथळ किनारे हा करवत माशाचा अधिवास होय. लांबट देहामुळे तो मुशीसारखा भासला, तरी त्याच्या कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूस असल्याने त्याची गणना पाकटांच्या कुळात होते. त्याची करवत म्हणजे लांबलेली चपटी सोंड असून तिच्या दोन्ही कडांना दातांसारखे रूपांतरित खवले बसलेले असतात. तिच्या त्वचेतील विद्युतसंवेदी छिद्रे, म्हणजे भक्ष्याच्या शरीरातील अतिक्षीण विद्युतप्रवाह टिपणारी इंद्रिये, गढूळ पाण्यातही शिकार हुडकतात. मादी अंडी न घालता पिल्लांनाच जन्म देते आणि त्या वेळी तिला इजा होऊ नये म्हणून पिल्लांच्या करवतीवर मऊ आवरण असते. ही योजना खरोखर थक्क करणारी आहे.

मात्र हीच करवत जाळ्यात सहज अडकते, आणि उशिरा वयात येऊन मोजकीच पिल्ले देणाऱ्या या माशाची घट भरून निघत नाही. भारतात 2001 पासून त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारांना महाराष्ट्र शासन 2018 पासून भरपाई देते. ही माहिती प्रत्येक बंदरावर पोहोचली पाहिजे.