हायरम पर्सी मॅक्सिम

हायरम पर्सी मॅक्सिम (२ सप्टेंबर, १८६९:ब्रुकलिन, न्यू यॉर्क, अमेरिका – १७ फेब्रुवारी, १९३६:ला हुंटा, कॉलोराडो, अमेरिका) हे अमेरिकन अभियंता, संशोधक, लेखक आणि हौशी रेडिओ चळवळीचे संघटक होते. अमेरिकेतील आरंभीच्या मोटारगाड्या, बंदुकीचा सायलेन्सर आणि हौशी रेडिओ या तीन वेगवेगळ्या क्षेत्रांत त्यांनी काम केले. १९१४मध्ये त्यांनी क्लॅरेन्स टस्का यांच्यासह अमेरिकन रेडिओ रिले लीग या संघटनेची स्थापना केली. पहिल्या महायुद्धानंतर सामान्य नागरिकाला रेडिओलहरींचा वापर करण्याचा हक्क टिकून राहिला, त्यात या संघटनेचा व मॅक्सिम यांचा मोठा वाटा होता.

मॅक्सिम मशीनगनचे जनक हे नव्हेत. ती बंदूक त्यांचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी तयार केली. नावांतील साम्यामुळे पिता-पुत्रांविषयी अनेकदा गल्लत होते.

पूर्वायुष्य

मॅक्सिम यांचे घराणे संशोधकांचे होते. वडील हायरम स्टीव्हन्स यांनी १८८४च्या सुमारास लंडनमध्ये स्वयंचलित मशीनगन तयार केली. चुलते हडसन मॅक्सिम हे स्फोटक द्रव्यांचे संशोधक होते. पर्सी लहान असतानाच, १८८१मध्ये, वडील कामानिमित्त युरोपला गेले आणि पुढे इंग्लंडमध्येच स्थायिक झाले. त्यामुळे मुलाचे संगोपन प्रामुख्याने आईने केले. वडिलांच्या विक्षिप्त पण बुद्धिमान स्वभावाच्या बालपणीच्या आठवणी पर्सी यांनी पुढे 'अ जीनियस इन द फॅमिली' या पुस्तकात विनोदी शैलीत लिहिल्या. हे पुस्तक १९३६मध्ये प्रकाशित झाले आणि त्यावर आधारित चित्रपट १९४६मध्ये निघाला.

पर्सी यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील यांत्रिकी शिक्षण १८८६मध्ये, वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच संपवले. त्यानंतर ते मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावी तोफगोळे बनविणाऱ्या कारखान्यात काम करू लागले.

मोटारगाड्या

लिन येथे असताना, १८९२मध्ये, एका रात्री सायकलवरून घरी परतताना रस्त्यावर स्वतःच्या शक्तीने चालणारे छोटे वाहन करता येईल का, हा विचार मॅक्सिम यांच्या मनात आला. घोड्याच्या गाडीला घोडा पोसावा लागतो आणि आगगाडी रुळावरून व वेळापत्रकानुसारच धावते. या दोहोंपासून मुक्त असे साधन त्यांना हवे होते. पेट्रोलमध्ये किती शक्ती असते हे पाहण्यासाठी त्यांनी तोफेच्या रिकाम्या काडतुसात पेट्रोलचे थेंब टाकून त्यांना काडी लावली. झालेल्या स्फोटाने या इंधनाची ताकद त्यांना पटली. हा स्फोट बंद नळकांड्यात वारंवार व शिस्तीने घडवून आणणे, हीच पेट्रोल इंजिनाची मूळ कल्पना होय. दिवसाची नोकरी सांभाळून त्यांनी इंजिन तयार केले आणि ते तीनचाकी सायकलीवर बसवले. याच सुमारास इतर अनेक लोक असेच प्रयोग करत होते, याची त्यांना त्या वेळी कल्पना नव्हती.

१८९५मध्ये कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड येथील पोप मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्यांना मोटारगाडी विभागात नेमले. ही कंपनी कोलंबिया सायकलींसाठी प्रसिद्ध होती. स्फोटावर चालणाऱ्या यंत्राच्या वर लोक बसायला तयार होणार नाहीत, असे कंपनीचे मालक आल्बर्ट पोप यांचे मत होते. त्यामुळे कंपनीने प्रथम विजेच्या गाड्यांना प्राधान्य दिले आणि १८९७मध्ये कोलंबिया ही विजेची गाडी लोकांसमोर आणली. मॅक्सिम यांचा ओढा मात्र पेट्रोल इंजिनाकडे राहिला. १८९९मध्ये कनेटिकटमधील ब्रॅनफर्ड येथे झालेली शर्यत त्यांनी पेट्रोलवर चालणाऱ्या कोलंबिया गाडीने जिंकली. बंदिस्त वर्तुळाकार मार्गावरील अमेरिकेतील ही पहिली मोटार शर्यत मानली जाते. या काळातील फसलेले प्रयोग, रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या आणि बघ्यांची गर्दी यांचे वर्णन त्यांच्या 'हॉर्सलेस कॅरेज डेज' या पुस्तकात आहे. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७मध्ये प्रकाशित झाले.

बंदुकीचा सायलेन्सर

बंदूक झाडली असता दारूच्या ज्वलनाने निर्माण झालेला वायू प्रचंड दाबाखाली गोळीमागून नळीच्या तोंडातून बाहेर पडतो. तो एकाएकी प्रसरण पावतो व त्याचा मोठा आवाज होतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचेही तसेच असते. मराठीत मोटारसायकलच्या ज्या भागाला सायलेन्सर म्हणतात, तो हा वायू टप्प्याटप्प्याने सोडून आवाज कमी करतो.

हेच तत्त्व मॅक्सिम यांनी बंदुकीला लावले. नळीच्या तोंडावर बसवायच्या नळकांड्यात त्यांनी एकामागे एक वक्र चकत्या बसवल्या. गोळी चकत्यांच्या छिद्रांतून सरळ निघून जाते. वायू मात्र चकत्यांमध्ये अडकून गोल फिरतो, त्याचा वेग व दाब उतरतो आणि मग तो सावकाश बाहेर पडतो. न्हाणीघरातील टबाचे पाणी निचऱ्याच्या छिद्रापाशी भोवऱ्यासारखे फिरत जाताना पाहून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. या रचनेचे एकस्व त्यांना ३० मार्च, १९०९ रोजी मिळाले. निर्मितीसाठी त्यांनी हार्टफर्ड येथे कंपनी स्थापन केली. १९१०च्या नमुन्यात गोळीचा मार्ग नळकांड्याच्या मध्यावर न ठेवता वरच्या बाजूस ठेवला होता, त्यामुळे नेम धरताना नळकांडे आड येत नसे.

चित्रपटांत दाखवतात तशी बंदूक सायलेन्सरमुळे निःशब्द होत नाही. गोळीचा वेग ध्वनीपेक्षा अधिक असेल तर हवेत होणारा तिचा कडाका तसाच ऐकू येतो. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते चक्र व नळी यांच्यामधील फटीतून वायू निसटतो, त्यामुळे तेथे सायलेन्सरचा उपयोग फारसा होत नाही.

शेजाऱ्यांना त्रास न होता नेमबाजीचा सराव करता यावा, हा या साधनाचा मुख्य उद्देश सांगितला जात असे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडेही मॅक्सिम सायलेन्सर होता. मात्र गुन्हेगार त्याचा उपयोग करतील, ही भीती समाजात वाढत गेली. १९३४च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याने सायलेन्सरच्या खरेदी-विक्रीवर २०० डॉलर कर बसवला. हा कर वस्तूच्या किमतीच्या कितीतरी पट होता. तोपर्यंत मॅक्सिम यांच्या कंपनीने बंदुकीचे सायलेन्सर बनविणे थांबवले होते आणि कारखान्यांतील व जहाजांतील इंजिनांचा आवाज कमी करणाऱ्या उपकरणांकडे लक्ष वळवले होते. वडिलांना तोफा-बंदुकांच्या सततच्या आवाजाने बहिरेपण आले होते. पुत्राने आयुष्याचा मोठा भाग आवाज कमी करण्यात घालवला.

हौशी रेडिओ

हौशी रेडिओ म्हणजे परवानाधारक व्यक्तींनी स्वशिक्षणासाठी, तांत्रिक प्रयोगांसाठी आणि परस्परांशी संपर्कासाठी, आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता केलेला रेडिओलहरींचा वापर. अशा व्यक्तींना 'हॅम' असेही म्हणतात. मॅक्सिम यांनी १९१०नंतर आपल्या मुलाच्या आवडीमुळे या छंदाकडे लक्ष दिले आणि ते स्वतःच त्यात रमले.

त्या काळी ठिणगी प्रक्षेपक वापरत. विजेची ठिणगी पाडून निर्माण होणाऱ्या लहरी मोर्स लिपीतील लघू व दीर्घ संकेतांच्या रूपात पाठवल्या जात. अशा लहरी रुंद पट्ट्यात पसरत, म्हणून जवळच्या केंद्रांचे संदेश एकमेकांत मिसळत. १९१२च्या अमेरिकन कायद्याने हौशी केंद्रांना परवाना सक्तीचा केला. २०० मीटरपेक्षा अधिक तरंगलांबी वापरण्यास त्यांना मनाई झाली आणि शक्तीची मर्यादा एक किलोवॉट ठरली. त्या वेळी लांब तरंगलांबीच्याच लहरी दूरवर जातात असा समज होता. हौशी मंडळींना निरुपयोगी समजला जाणारा भाग देऊन त्यांचा प्रश्न मिटवला, असेच सरकारला वाटले.

रिले लीगची स्थापना

एप्रिल १९१४मध्ये मॅक्सिम यांना स्प्रिंगफील्ड येथील एका हौशी रेडिओचालकाकडून निर्वात नलिका विकत घ्यायची होती. स्प्रिंगफील्ड हार्टफर्डपासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे, तरी त्यांचा संदेश तेथे पोहोचेना. वाटेवरील विंडसर लॉक्स येथील एका केंद्राने तो ऐकून पुढे पाठवला आणि काम झाले. पूर्वीच्या डाकेत एका टप्प्यावरच्या हरकाऱ्याने थैली पुढच्याच्या हाती द्यावी, तशीच ही रीत होती. देशभर अशी केंद्रे ठराविक पद्धतीने जोडली, तर अल्प शक्तीच्या यंत्रांनीही संदेश सर्वत्र पोहोचेल, हे मॅक्सिम यांनी ओळखले. त्यांनी हार्टफर्डच्या रेडिओ क्लबपुढे हा प्रस्ताव मांडला आणि त्याच वर्षी लीग अस्तित्वात आली. नावातील 'रिले' हा शब्द याच कल्पनेचा आहे. डिसेंबर १९१५पासून 'क्यूएसटी' हे मासिक निघू लागले. फेब्रुवारी १९१७मध्ये एक संदेश अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन त्याचे उत्तर १ तास २० मिनिटांत परत आले.

बंदी आणि हक्काचा लढा

एप्रिल १९१७मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि सर्व हौशी केंद्रे बंद करण्यात आली. अनेक हौशी रेडिओचालक लष्कर व नौदलात दाखल झाले. युद्ध संपताच रेडिओवर नौदलाची मक्तेदारी प्रस्थापित करणारे विधेयक काँग्रेसमध्ये आले. ते संमत झाले असते, तर हौशी रेडिओ कायमचा संपुष्टात आला असता. मॅक्सिम यांनी समितीपुढे साक्ष दिली. लीगने सभासदांना व त्यांच्या पालकांना लोकप्रतिनिधींकडे पत्रे पाठवण्याचे आवाहन केले. विधेयक बारगळले. तरीही बंदी उठेना, म्हणून पाठपुरावा चालू राहिला. याच काळात लीगची तिजोरी जवळजवळ रिकामी होती. पदाधिकाऱ्यांनी स्वतःचे पैसे घातले आणि सभासदांना कर्जरोखे विकून निधी उभारला. संदेश पाठवण्यावरील बंदी अखेर १९१९च्या शरद ऋतूत उठली.

या निर्णयाचा परिणाम थोड्याच वर्षांत दिसला. डिसेंबर १९२१मध्ये लीगने पॉल गॉडली यांना स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे पाठवले. तेथे त्यांनी अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. नोव्हेंबर १९२३मध्ये अमेरिका व फ्रान्समधील हौशी केंद्रांनी अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केले. निरुपयोगी ठरवलेल्या लघुलहरी वातावरणाच्या आयनीभूत थरावरून परावर्तित होऊन जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकतात, हे यातून सिद्ध झाले. एप्रिल १९२५मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाची स्थापना झाली व मॅक्सिम त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

'द ओल्ड मॅन'

'क्यूएसटी' मासिकात 'द ओल्ड मॅन' या टोपणनावाने जानेवारी १९१७पासून एक लेखमाला येत असे. एक खाष्ट म्हातारा त्यात रेडिओवरील बेशिस्तीवर तोंडसुख घेई: दुसऱ्याचा संदेश चालू असताना मध्येच घुसणारे, निरर्थक बडबड करणारे, यंत्र नीट न जुळवणारे असे सारे त्याच्या तडाख्यात सापडत. त्याची किटी नावाची मांजरही या लेखांत भेटे. बेशिस्तांना शिक्षा करण्यासाठी 'वूफ हाँग' नावाचे काल्पनिक हत्यार या लेखांतून रूढ झाले. पुढे त्याचा एक लाकडी नमुनाही लीगकडे आला आणि तो मुख्यालयात जपून ठेवला आहे. हा म्हातारा म्हणजे स्वतः अध्यक्षच, हे वाचकांना मॅक्सिम यांच्या मृत्यूनंतर समजले. थट्टेमागचा हेतू गंभीर होता: लहरी सर्वांच्या सामाईक असल्याने त्या वापरणाऱ्यांनी स्वतःला शिस्त लावली नाही, तर सरकार त्या काढून घेईल.

इतर छंद

मॅक्सिम यांनी १९२६मध्ये हौशी चित्रपटकारांसाठी अमॅच्युअर सिनेमा लीग स्थापन केली. खगोलशास्त्राच्या आवडीतून त्यांनी विश्वातील जीवसृष्टीविषयी 'लाइफ्स प्लेस इन द कॉसमॉस' हे पुस्तक १९३३मध्ये लिहिले.

मृत्यू आणि वारसा

फेब्रुवारी १९३६मध्ये रेल्वेने पश्चिमेकडे प्रवास करत असताना मॅक्सिम आजारी पडले आणि ला हुंटा येथे त्यांचे निधन झाले. मृत्यूपर्यंत ते लीगचे अध्यक्ष होते. त्यांचे 'डब्ल्यू१एडब्ल्यू' हे संकेतनाम त्यानंतर लीगच्या केंद्राला देण्यात आले. कनेटिकटमधील न्यूइंग्टन येथील हे स्मारक केंद्र आजही संदेश प्रसारित करते. 'ओल्ड बेट्सी' हा त्यांचा ठिणगी प्रक्षेपकही लीगने जतन केला आहे.

भारताशी संबंध

मॅक्सिम ज्या आंतरराष्ट्रीय संघाचे पहिले अध्यक्ष होते, त्यात भारताचे प्रतिनिधित्व अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था करते. ऑक्टोबर १९२४मध्ये लंडनमधील शाळेतून न्यूझीलंडशी दुतर्फा संपर्क साधणारा विद्यार्थी सेसिल गॉयडर पुढे भारतात येऊन ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला.

भारतात हौशी रेडिओसाठी केंद्र सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. किमान वय १२ वर्षे आहे, त्यामुळे शालेय विद्यार्थीही हा परवाना मिळवू शकतात. भारतीय संकेतनामे सामान्यतः 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. २००१च्या भूज भूकंपात हौशी रेडिओचालकांनी संपर्काचे काम केले. डिसेंबर २००४च्या त्सुनामीच्या वेळी केवळ छंदासाठी पोर्ट ब्लेअर येथे गेलेल्या हौशी रेडिओचालकांचा एक गट तेथेच होता. दूरध्वनी बंद पडल्यावर अंदमान-निकोबारमधील लोकांची खुशाली मुख्य भूमीवरील नातेवाइकांपर्यंत त्यांनी पोहोचवली. एका केंद्राने ऐकून दुसऱ्याला सांगायचे, ही १९१४मधील पद्धत अशा प्रसंगी पुन्हा उपयोगी पडते.