इसब कातडीवर, कॅप्सूल पोटात

दिवाळीच्या आधी नांदगाव पेठच्या एका काकांनी कॉलर ओढून मान दाखवली. कातडी जाड, काळपट, नखांच्या ओरखड्यांनी भरलेली. पापण्या सुजलेल्या, कोपराच्या लवणीत लाली. मग खिशातून प्रोबायोटिक कॅप्सूलची पट्टी काढली. "पोट सुदरलं का इसब जाते म्हनतेत." तीन महिने झाले होते. खाज तशीच.

पोटातले जंतू आणि प्रतिकारशक्ती यांचा संबंध आहे, हे खरं. पण म्हणून कॅप्सूलनं इसब जातो, असं होत नाही. ‘कॉक्रेन’ या संस्थेनं २०१८ मध्ये ३९ चाचण्या, २,५९९ रुग्ण एकत्र तपासले. खाज आणि झोपमोड यांत रुग्णांना फारसा फरक पडला नव्हता. तीव्रतेच्या १०३ गुणांच्या मापावर सरासरी ४ गुणांची घट दिसली; एवढ्यानं रात्रीचं खाजवणं थांबत नाही. त्यात मोठ्या माणसांवरच्या चाचण्या मोजक्याच.

"मंग ताक पेवाव का?" जरूर प्यावं, जेवणासोबत. पण घरच्या विरजणातले जंतू इसबाचं औषध नव्हेत. आणि ‘अपाय तर नाही ना’ म्हणून कॅप्सूल घेणंही सगळ्यांना चालत नाही. जुनाट इसबावर कधी अ‍ॅझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी देतात. ती चालू असेल तर जिवंत जंतूंची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

मला खरी काळजी वाटली ती काकांच्या शेताच्या धुऱ्याची. तिथं कमरेएवढं गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्यात नजरेत आलेलं हे तण आज वऱ्हाडात रस्त्यारस्त्याला आहे. त्यातल्या पार्थेनिनची काहींना अ‍ॅलर्जी होते. गवताचे बारीक कण वाऱ्यानं उडून उघड्या अंगावर बसतात, म्हणून आधी पापण्या, मान, कोपर धरतात. वाळलेलं गवतही सोडत नाही. काकांचा त्रास दर पावसाळ्यात वाढतो, हे त्यांनी विचारल्यावर सांगितलं. तोवर कुणी विचारलंच नव्हतं. अशा इसबाचं मूळ बाहेर असतं. पॅच टेस्टमध्ये संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून ४८ तासांनी काढतात आणि कातडी काय सांगते ते पाहतात.

स्टिरॉइड मलमानं कातडी जळते, या भीतीनं काकांनी डॉक्टरांचं मलम अर्ध्यात सोडलं होतं. सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावलं तर तेच मलम आराम देतं. घातक आहे ते मेडिकलमधून स्वतःच आणलेली स्टिरॉइडची मिश्र ट्यूब महिनोन्‌महिने चोळणं. गजकर्णाला इसब समजून ती लावली, तर गजकर्ण पसरतं. आंघोळीनंतर ओलसर अंगावर व्हॅसलीन लावायचं तेवढं रोज चालू ठेवावं.

काकांना म्हटलं, इर्विन रुग्णालयात कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, शेतात पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, घरी आल्या आल्या अंग धुवा. धुऱ्यावरचं गवत फुलावर यायच्या आत उपटायचं, हातमोजे घालून, तेही तुम्ही नाही, पोराला सांगा.